घाबरट कुत्रीला ऑपरेशननंतरचा कोन सुसह्य कसा करायचा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तीन वर्षांची, मुळातच बुजरी कुत्री. परवा नसबंदीचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर गळ्यात कोन (टाके चाटता येऊ नयेत म्हणून डोक्याभोवती घालतात ते नरसाळ्यासारखं कडं, बहुधा प्लास्टिकचं) घेऊन ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली ती हलेचना. खाल्लं नाही, रात्रभर कण्हत होती. दया येऊन तुम्ही कोन काढलात, तर काही मिनिटांत ती टाके चाटायला लागली. पुन्हा घालायला गेलात तेव्हा पलंगाखाली शिरली आणि हात पुढे केल्यावर गुरगुरली. याआधी ती तुमच्यावर कधीच गुरगुरलेली नव्हती. टाके निघायला अजून आठ-दहा दिवस आहेत आणि घरातले म्हणतायत, ‘राहू दे कोन, आपण लक्ष ठेवू.’

मी लहान प्राण्यांच्या शस्त्रक्रिया करणारा पशुवैद्य आहे आणि भित्र्या कुत्र्यांच्या केसेस आवडीने घेतो, त्यामुळे हा प्रसंग माझ्या रोजच्या पाहण्यातला आहे. तुम्ही विचारलंय की तिला कोनाची सवय कशी लावू. माझ्या मते तुमच्यापुढे दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे सगळं अडलंय. एक, टाके या क्षणापासून सुरक्षित ठेवणं. दोन, तिची भीती कमी करणं. पहिल्या कामाला वाट पाहता येत नाही, दुसऱ्याला घाई चालत नाही. म्हणून पहिल्याची सोय आज, जमेल त्या मार्गाने करायची आणि दुसरं त्याच्या आडोशाने हळूहळू करायचं.

आधी जखम, कारण तिथे मी कसलीच सूट देणार नाही. नसबंदीत पोटाचा छेद थराथराने शिवलेला असतो: आत स्नायूंना जोडणारा चिवट पांढरा पडदा, त्यावर चरबीचा थर, सर्वांत वर कातडी. आपल्याला दिसते ती फक्त कातडी. कुत्र्याचे पुढचे बारीक दात टाका सहज तोडतात. नुसतं चाटत राहिली तरी कातडी ओली राहून मऊ पडते, कडा सुटतात आणि तोंडातले जंतू आत जातात. ‘लाळेने जखम भरते’ असं अनेकजण मनापासून सांगतात. लाळेत काही जंतूंना थोडा आवर घालणारे घटक असतात हे खरं, पण ताज्या शिवलेल्या जखमेवर जिभेच्या घासण्याने होणारं नुकसान त्या फायद्याच्या कितीतरी पुढे जातं. ‘टाके आतून आहेत, विरघळणारे आहेत, मग कोन कशाला’ हेही कोणीतरी सांगेल. टाका विरघळणारा असो वा काढायचा, कातडीला स्वतःचा जोर येईपर्यंत सगळा भार त्या दोऱ्यावरच असतो, आणि हा काळ साधारण १० ते १४ दिवसांचा धरतात.

‘आपण लक्ष ठेवू’ याबद्दलही स्पष्ट बोलतो. उकललेले टाके घेऊन येणाऱ्या लोकांची हकिगत बहुधा सारखीच असते: कोन थोडा वेळच काढला होता, आणि जरा डोळा लागला. लक्ष ठेवणं म्हणजे त्याच खोलीत असणं नव्हे. हात तिच्या अंगावर आणि नजर तिच्यावर असेल, तरच ते लक्ष. रात्री हे कोणालाच जमत नाही.

ती एकदा चाटून झालेली आहे, म्हणून आज चांगल्या उजेडात जखम पाहा, फोटो काढा आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना पाठवा. पहिले दोन-तीन दिवस कडा थोड्या लाल आणि किंचित सुजलेल्या असणं चालतं. लाली वाढत जाणं, कडांमध्ये फट, पू, दुर्गंधी, थांबत नाही असा रक्तस्राव, जखमेखाली वाढता फुगवटा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. छेदातून आतलं काही बाहेर आलेलं दिसलं तर ते आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडाने अलगद झाका, तिला चाटू देऊ नका आणि तडक निघा.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, नाहीतर माझं उत्तर दुसऱ्याच कुत्र्याला लावलं जाईल. तुमच्या कुत्रीची जखम पोटावर आहे, म्हणून कोनाला पर्याय निघू शकतो. डोळ्याचं ऑपरेशन असतं तर मी कोन जेवायलाही काढू दिला नसता, कारण पंजाचा एक फटका पुरतो. पाय, शेपूट किंवा शेपटीखालची जखम असती तर बहुतेक पर्याय निकामी ठरले असते. शिवाय ती किती लवचीक आहे, तोंड किती लांब आहे, वेदना किती आहेत आणि भीतीच्या भरात ती चावण्यापर्यंत जाते का, या सगळ्यावर पुढचं ठरतं. शेवटच्या मुद्द्याकडे परत येईन, कारण ती गुरगुरली आहे.

तिच्या बाजूने हा प्रकार कसा असतो ते समजलं की उपाय आपोआप सुचायला लागतात. माणसाला समोर पाहताना साधारण १८० अंशांतलं दिसतं. कुत्र्याला, चेहऱ्याच्या ठेवणीनुसार, सुमारे २४० अंशांतलं. बुजरं कुत्रं या बाजूच्या नजरेवर फार विसंबून असतं, मागून कोण येतंय हे त्याला मान न वळवता कळतं. अपारदर्शक कोन घातला की ती बाजू पूर्ण बंद. समोरून येणारा आवाज कोनात घुमून कानावर पडतो आणि मागचा आवाज कुठून आला ते कळेनासं होतं. मिशांचे केस, जे वाऱ्याची झुळूकसुद्धा टिपतात, ते प्लास्टिकला घासत राहतात. पाऊल टाकलं की कड जमिनीला किंवा दाराला खर्रकन घासते आणि तो आवाज थेट कानाशी होतो. म्हणजे तिच्या दृष्टीने ती हलली की काहीतरी अंगावर येतं. मग हलायचंच नाही, एवढं एकच तिच्या हाती उरतं.

भिंतीकडे तोंड करून थिजणं हे असं असतं. पुष्कळ लोक त्याला ‘शांत झाली’ समजतात. शरीर ताठ, कान मागे, शेपूट पोटाखाली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, नाकावरून जीभ फिरतेय, तोंड घट्ट मिटलेलं किंवा काही कारण नसताना धापा, हे भीतीचं चित्र आहे. खरोखर निवलेलं कुत्रं एका कुशीवर कलंडतं, मान टाकतं, मोठा श्वास सोडतं.

आणि यात सगळा दोष कोनाचा नसतो. ऑपरेशनच्या पहिल्या रात्री भूल पूर्ण उतरलेली नसते. काही वेदनाशामक इंजेक्शनांनी कुत्री भ्रमिष्टासारखी कण्हतात, त्यांना कशानेच चैन पडत नाही. हे सहसा दिवसभरात ओसरतं. अपरिचित जागा, गाडीचा प्रवास, सुया, भूल, वेदना आणि वर कोन: बुजऱ्या कुत्र्याच्या अंगात या सगळ्या भीती एकावर एक साठतात आणि शेवटी लागलेल्या वस्तूवर सगळा राग निघतो. तिचा अनुभव एकटीचाही नाही. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली ४३४ पालकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांनी कोनाच्या काळात आपल्या प्राण्याचं जगणं खालावल्याचं सांगितलं, आणि पाणी पिण्यात अडचण येते ही तक्रार सर्वांत पुढच्या तक्रारींपैकी होती. तुम्हाला तिची दया आली यात काही चुकीचं नव्हतं. फक्त ती दया कोन काढण्यात खर्च न करता कोन सुधारण्यात खर्च करू या.

म्हणून आधी कोन नीट पाहा. घाईत जो मापाला जवळचा मिळाला तो घालून पाठवलेला असणं अगदी शक्य आहे. कोनाची कड नाकाच्या टोकापुढे साधारण दोन-तीन सेंटिमीटर असावी. त्याहून आखूड असेल तर ती टाक्यांपर्यंत पोचेल. फार लांब असेल तर प्रत्येक पावलाला जमिनीवर आपटेल आणि ताटलीपर्यंत तोंड जाणार नाही. गळ्याशी दोन बोटं आरामात सरकावीत. सैल कोन पुढच्या पंजाने ओढून काढता येतो आणि अर्धवट निघताना जबड्यात अडकतो, जे भित्र्या कुत्र्यासाठी सगळ्यांत भयंकर. बहुतेक कोनांना गळ्याशी फासे असतात. त्यांतून तिचा स्वतःचा, सवयीचा पट्टा ओवा, म्हणजे कोन जागेवर राहतो आणि गळ्याला ओळखीचा स्पर्श मिळतो. गळ्याकडची कापीव कड बोटाने चाचपा. खरखरीत लागली तर तिथे मऊ कापडी पट्टी चिकटवा. अपारदर्शक असेल तर पारदर्शक मागा. माझ्या अनुभवात बुजऱ्या कुत्र्याला एवढ्या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा इतर कशाने क्वचितच.

एक उदाहरण सांगतो. एक मोठा, अंगाने दांडगा पण सावलीलाही बिचकणारा कुत्रा. मालकीणबाई म्हणाल्या, हा दारातून जातच नाही, उंबऱ्यापाशी आला की थरथरतो. मी त्याला दारातून चालवायला सांगितलं आणि खाली बसून पाहिलं. मान खाली घालून चालायची त्याची सवय, त्यामुळे कोनाची खालची कड दर वेळी उंबऱ्याच्या काठात अडकायची, डोकं झटक्याने मागे ढकललं जायचं आणि मोठा ‘टक्’ आवाज व्हायचा. कड दोन बोटं कापून कमी केली, कापलेल्या भागावर मऊ पट्टी गुंडाळली, आणि बाईंना सांगितलं की दार आलं की दोन बोटांनी कड खालून अलगद उचलायची आणि ‘वर’ म्हणायचं. जखम पाठीवर खांद्याजवळ होती म्हणून कापता आलं. तुमच्याकडे नाक झाकण्यापुरती लांबी सोडून काहीही कापू नका, आणि कापायचंच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पण ‘वर’ हा शब्द आणि ती दोन बोटं लगेच वापरा.

दुसरी गोष्ट औषधांची, आणि ती लोक सांगायचीच राहून जातात. डॉक्टरांना आज फोन करून दोन स्वतंत्र प्रश्न विचारा. पहिला: दिलेलं वेदनाशामक पुरेसं आहे का, किती दिवस द्यायचं, आणि ती खात नसेल तर कसं द्यायचं? दुखणाऱ्या कुत्र्याला काहीही शिकवता येत नाही. दुसरा: भीतीसाठी थोडे दिवस काही देता येईल का? ट्रॅझोडोन आणि गॅबापेन्टिन ही औषधं यासाठी पशुवैद्य नेहमी वापरतात. मात्रा आणि आधीच्या औषधांशी मेळ त्यांनीच पाहायचा. हे ‘गुंगीत ठेवणं’ आहे असं वाटून नकार देऊ नका. भीती एका मर्यादेपुढे गेली की मेंदू नवं शिकत नाही; औषधाने ती मर्यादेत येते आणि मग तुमचे कष्ट कामी येतात. मात्र माणसांच्या कपाटातलं काहीही देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी आहे, पॅरासिटामॉलही स्वतःच्या मनाने द्यायचं औषध नाही, आणि माणसांच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, जो कुत्र्यांसाठी अतिशय घातक आहे.

आता पर्याय. पोटावरच्या जखमेसाठी अंगभर घालायचा रिकव्हरी सूट हा तुमच्यासाठी खरा उमेदवार आहे आणि तुमच्या वर्णनावरून मी तोच आधी करून पाहीन. भित्री कुत्री अंगाला घट्ट बसणारं कापड पुष्कळदा बिनतक्रार स्वीकारतात. शूच्या वेळी मागचा भाग सोडून वर गुंडाळायचा, ओला झाला तर लगेच बदलायचा, म्हणून दोन सूट हवेत. रोज दोनदा उघडून जखम पाहायची, कारण कापडाखाली काय चाललंय ते दिसत नाही. एक अट: ती कापडावरूनच चाटत बसते किंवा कापड कुरतडते का ते पहिले काही तास डोळ्यांत तेल घालून पाहा. तसं करत असेल तर सूट एकटा पुरणार नाही. हवा भरलेलं गळ्यातलं कडं नजर मोकळी ठेवतं, पण लांब तोंडाच्या, अंगाने लवचीक कुत्रीला त्यातून पोटाचा मागचा भाग गाठता येतो. घालून झाल्यावर तिला वळून प्रयत्न करू द्या, तुमचा तळहात टाक्यांवर ठेवा आणि नाक हाताला लागतं का ते पाहा. लागलं तर विषय संपला. कापडी मऊ कोन आवाज करत नाही, पण काही कोन इतके मऊ असतात की ती तो दुमडून आत तोंड घालते. तोंडाला बांधायची जाळी कोनाऐवजी वापरू नका, तिच्याने जखम घासली जाते. आणि कडू फवारे किंवा मलमं टाक्यांवर लावू नका. मलमाच्या वासाने चाटणं उलट वाढतं.

समजा पर्याय मिळाला नाही किंवा पुरला नाही, आणि कोनच घालायचा आहे. इथे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. बहुतेक घरांत काय होतं? खाऊ दाखवून बोलावतात, ती आली की पटकन कोन अडकवतात. दोन वेळांत ती शिकते की खाऊ म्हणजे कोन येणार, हाक म्हणजे कोन येणार. मग खाऊला नकार आणि हाकेला पलंगाखाली. हे उलटं करायचं. कोन आधी, खाऊ नंतर. कोन दिसला की खाऊ सुरू, कोन दूर गेला की खाऊ बंद. आणि कोन घालण्यासाठी तिला नावाने हाक कधीच मारायची नाही. तुम्ही शांतपणे तिच्याकडे जा.

तुमच्याकडचा जो कोन तिला आता ठाऊक आहे त्याला दवाखान्याचा वास आहे आणि पाठलागाची आठवण आहे. शक्य असेल तर वेगळ्या रंगाचा, वेगळ्या कापडाचा नवा आणा. नाही मिळाला तर जुना साबणाने धुऊन, पुसून, तिच्या अंथरुणापाशी घासून तिचाच वास लावा. चिकटपट्टी असलेला असेल तर पट्टी दुसऱ्या खोलीत उघडून या. त्या फर्रकन आवाजानेच कित्येक कुत्री पळतात.

हा सराव तिच्या अंगात सूट असताना, किंवा दुसरं माणूस तिला हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) धरून बसलेलं असताना करायचा, म्हणजे टाके कधीच उघडे सापडणार नाहीत. कोन जमिनीवर ठेवा, भोवती मऊ, वासाचे, नखाएवढे तुकडे टाका. ती खाऊन लांब गेली तरी जाऊ द्या. पुढच्या वेळी कोन तुमच्या हातात, रुंद तोंड तिच्याकडे, आणि अरुंद भोकातून तुमची दोन बोटं खाऊ घेऊन डोकावतायत. तिने स्वतःहून नाक आत घातलं की खाऊ. मागे घेतलं तर अडवायचं नाही. मागे जाता येतं हे पटलं की ती पुढे यायला लागते. नंतर नाक आत असताना दोन-तीन तुकडे सलग द्या. मग कान आत जातील एवढं. मग पट्टा नुसता टेकवा, न लावता. मग लावा, लगेच तिचं सगळ्यात आवडतं ओलं खाणं पुढे करा आणि ती खात असताना कोन तसाच राहू द्या. प्रत्येक वेळी एक-दोन मिनिटंच, दिवसातून काही वेळा. तिने नाक फिरवलं, जांभई दिली, ओठ चाटले की तुम्ही एक पायरी पुढे गेला आहात, मागे या.

तुम्ही म्हणाल, हे व्हायला दोन दिवस लागतील, आज रात्रीचं काय? आज रात्री सूट, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, आणि सूट पुरत नसेल तर औषधाचा असर झाल्यावर एकदाच, शांतपणे घातलेला कोन. एकदाच, हा शब्द महत्त्वाचा. घातला-काढला-घातला यात भीती दर वेळी नव्याने होते. माझा आग्रह असतो की पहिले दोन-तीन दिवस कोन जवळजवळ सतत राहावा. अखंड राहिलेल्या कोनाला बहुतेक कुत्री दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुळतात, कारण त्यातून काही वाईट घडत नाही हे त्यांना सलग अनुभवायला मिळतं. घालताना समोरून वाकू नका, तिच्या बाजूला, तिच्याच दिशेला तोंड करून बसा. घालून झालं की लगेच उठून जाऊ नका. पहिली दहा मिनिटं जवळ बसा, हळू बोला, चालत असेल तर छातीवर हात फिरवा. ‘गोंजारलं तर घाबरटपणा वाढतो’ हे खरं नाही. भीती ही भावना आहे, युक्ती नाही. तुमच्या शांत सोबतीने ती वाढत नाही.

मग रोजचं जगणं. मी कोनाचं यश एवढ्यावरच मोजतो की तो घालून तिला चार गोष्टी जमतात का: खाणं, पिणं, शू-शी आणि झोप. तिला कोन आवडला पाहिजे अशी अपेक्षाच नको.

खाण्यासाठी कोनाच्या घेरापेक्षा लहान, खोलगट भांडं घ्या आणि ते एखाद्या स्थिर ठोकळ्यावर, तिच्या छातीच्या उंचीवर ठेवा, म्हणजे कोन भांड्याभोवती बसतो आणि तोंड आत पोचतं. पहिल्या वेळी भांडं तुम्ही हातात धरून वर उचला. पाणी दिवसातून अनेकदा स्वतः पुढे करा, कारण भित्रं कुत्रं एकदा कड आपटली की पुन्हा पाण्याकडे जात नाही. खाण्यात थोडं पाणी मिसळलं तर तेवढंच पोटात जातं. तरीही खात नसेल तर त्या वेळेपुरता कोन काढा, पण एक हात हार्नेसवर, आणि परत घातल्यावर द्यायला चांगला घास आधीच राखून. भूल उतरल्यावर पहिला दिवस खाणं कमी असणं चालतं. २४ तास उलटूनही तोंडाला काही लावत नसेल, वारंवार उलटी होत असेल, किंवा तेवढ्या वेळात शू झाली नसेल तर फोन करा. शी दोन-तीन दिवस न होणं मात्र नेहमीचं आहे. ऑपरेशनआधीचा उपास आणि औषधं, दोन्हींमुळे पोट मंदावतं.

बाहेर नेताना दोरी हार्नेसला लावा, कोनातून ओवलेल्या पट्ट्याला नको. गर्दीची वेळ टाळा. हुंगायला खाली वाकली की कड मातीत रुतते आणि ती दचकते. तिथे पुन्हा तुमची दोन बोटं आणि ‘वर’. जिने तिच्या एकटीच्या भरवशावर सोडू नका, कारण पायरी तिला दिसत नाही. घरात एक खोली किंवा कोपरा मोकळा करा, खुर्च्या-टेबलांच्या पायांमधल्या अरुंद वाटा बंद करा आणि गुळगुळीत फरशीवर काहीतरी अंथरा. पलंगाखालची जागाही बंद करा, पण त्याआधी लपायला दुसरी चांगली जागा द्या: एका बाजूने भिंत, वरून चादर, आणि तोंड इतकं रुंद की कोनासकट वळून बसता येईल. लपणं ही तिची गरज आहे, ती काढून घ्यायची नाही.

झोपेचा प्रश्न सोपा आहे. अंथरुणाच्या कडेला टॉवेलची जाड वळकटी ठेवा, कोनाची कड तिच्यावर टेकते आणि मान सुटते. घरात दुसरं कुत्रं असेल तर काही दिवस वेगळं ठेवा. कोनामुळे तिचा चेहरा आणि कान त्याला वाचता येत नाहीत, आणि तिला तो येताना दिसत नाही. माणसांनीही समोरून यावं, आधी आवाज द्यावा, मग हात लावावा. मुलांना हे नीट समजावून सांगा. रोज एकदा, दुसऱ्या माणसाने तिला धरलेलं असताना, कोन पुसा आणि गळ्याखालची कातडी पाहा. लाळ आणि ओल साचून तिथे पुरळ येतो. पोटावरचे केस मशीनने काढलेले असतात, तिथेही तीन-चार दिवसांनी खाज सुटते. ती अचानक पुन्हा पोटाकडे वळायला लागली तर जखम बिघडलीच असं नाही, पण पाहून घ्या आणि खाज जास्त असेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि गुरगुरणं. ते ऐकून तुम्हाला वाईट वाटलं हे तुमच्या लिहिण्यातून कळतंय. तिने तुमच्यावर विश्वास सोडलेला नाही. दुखत असताना, कोपऱ्यात सापडली असताना, ‘आता थांब’ हे सांगायला तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. त्यावर ओरडलात तर ती पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावेल. पलंगाखाली हात घालू नका, ओढून काढू नका. खोलीतली गर्दी कमी करा, जमिनीवर थोड्या अंतरावर तिच्याकडे पाठ करून बसा, खाऊ बाजूला टाकत राहा आणि ती स्वतः बाहेर येईपर्यंत थांबा. जखम उघडी असताना ती बाहेरच येत नसेल, किंवा हात जवळ नेल्यावर दात दाखवत असेल, तर झटापट न करता डॉक्टरांना तसं सांगा. चावण्याच्या टप्प्यावर पोचलेल्या कुत्रीसाठी घरातल्या युक्त्या पुरत नाहीत. अशा वेळी आधी औषध देऊन मगच तिला हाताळायचं, आणि हे दवाखान्यात रोज होणारं काम आहे.

आजचा क्रम पुन्हा एकदा, घाईत वाचणाऱ्यासाठी: जखमेचा फोटो डॉक्टरांना, वेदना आणि भीती, दोन्हींच्या औषधाबद्दल फोन, रिकव्हरी सूट आणून हात ठेवून चाचणी, कोन लागलाच तर मापाचा, पारदर्शक, तिच्या पट्ट्यात ओवलेला, आणि एकदा घातला की राहू द्यायचा, खाऊ नेहमी कोनानंतर.

टाके काढायला न्याल तेव्हा ‘आता संपलंच’ म्हणून आदल्या रात्री कोन किंवा सूट उतरवू नका. टाके निघाल्यावरही त्या ठिकाणी खाज राहते, म्हणून आणखी एखाद-दुसरा दिवस, निदान रात्रीपुरतं, संरक्षण ठेवायचं का ते डॉक्टरांना जखम दाखवून विचारा. आणि नवा कोन टाकून देऊ नका. तो तिच्या जेवणाच्या जागेजवळ पडू द्या, आठवड्यातून एक-दोनदा त्यातून एखादा घास द्या. पुढे कधी कान, डोळा किंवा पंजा दुखावला आणि पर्याय चालणार नसला, तर तिची सुरुवात भिंतीपासून होणार नाही. दोन दिवसांनी ती खातेय का आणि कुशीवर झोपतेय का, एवढं मला जरूर कळवा. खात नसेल तर मात्र माझ्या उत्तराची वाट न पाहता तिला दवाखान्यात न्या.